साहेबांना आमचं नाव कुणी सांगितलं?



२०२४ च्या नोव्हेंबरातली, विधानसभेच्या प्रचाराच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या गटाची बैठक चालू होती. बचतीचे पैसे मोजून होत आले होते, तेवढ्यात एका मावशींचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. "नमस्कार सखूबाई!" एक मोठे नेते बोलत होते. मावशींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "साहेब, आमच्या नळाचं तेवढं बघा." पलीकडचा आवाज काही थांबला नाही. योजना, पैसे, कुठलं बटण दाबायचं, सगळं सांगून फोन बंद. तरी मावशी खूश. "एवढा मोठा माणूस, पण नाव घेऊन बोलला!"

दहा मिनिटांनी दुसरीचा फोन वाजला. तेच साहेब, तेच शब्द, फक्त नाव तिचं. आम्ही हसलो. मावशी हसल्या नाहीत.

असं बघा, भाषण एकदाच रेकॉर्ड होतं. संगणक यादीतलं एकेक नाव त्याच आवाजात तयार करून भाषणाला जोडतो आणि नंबर फिरवतो. एका संध्याकाळी हजारो घरांत साहेब! कधीकधी तर तो आवाजही यंत्रानंच बनवलेला असतो.

पण यादी आली कुठून? छापील मतदार यादीत नाव, वय असतं, मोबाईल नंबर नसतो. शिवाय मावशींचं तिथलं नाव शकुंतला. सखूबाई त्या फक्त आमच्या रजिस्टरात आहेत. आम्हाला आठवलं, श्रावणात राखीपौर्णिमेच्या मेळाव्याला गाडी पाठवतो म्हणून एका कार्यकर्त्यानं यादी मागितली होती. आम्हीच पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. गाडी आली, हे खरं. तीही दोन तास उशिरा.

मावशींनी एकच विचारलं, "माझं नाव देताना मला विचारलं होतं का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवसानंतर आम्ही मोबाईलवरच्या प्रचाराकडे नीट बघायला लागलो. मेसेजवर दोन बाण दिसले, तर तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आलेला असतो. असा मेसेज एका वेळी एकालाच पुढे पाठवता येतो. साधा फॉरवर्ड पाच ठिकाणी जातो. ही पाचाची मर्यादा आपल्याकडे २०१८ च्या जुलैत आली. त्याच महिन्यात धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अफवेवरून जमावानं पाच निरपराध माणसांचा जीव घेतला होता. आमच्या गटात मात्र 'ताईंनी पाठवलंय' एवढ्यावरच मेसेज खरा ठरत होता, आणि त्या ताई बहुतेक वेळा आम्हीच असायचो.

आता रजिस्टर तीन किल्ल्यांच्या पेटीत असतं, पैशांसोबत. यादी द्यायची तर बैठकीत ठराव लागतो, आणि एकीनं जरी नको म्हटलं तरी तिचं नाव वगळायचं. मागच्याच महिन्यात एकजण शिलाई मशीनच्या शिबिरासाठी यादी मागायला आले. आम्ही त्यांना बैठकीलाच या म्हटलं. अजून आलेले नाहीत.

मावशींना फोन येतातच. त्या पहिल्यांदा विचारतात, "आमच्या नळाचं काय झालं?" उत्तर नाही आलं की फोन ठेवतात आणि कामाला लागतात.