संगणकाचा वेग आणि माणसाचा खोळंबा



घड्याळाशी माझे जुने वैर आहे. कामगाराच्या मागे घड्याळ धरून उभा राहिलेला साहेब आम्ही चळवळीत पुष्कळ पाहिला. तरी आज मी घड्याळाचीच बाजू मांडणार आहे.

आपले गाव जंक्शनचे. आरक्षणाच्या खिडकीवर संगणक अडला, की रांग ओरडते ती आतल्या कारकुनावर. दोष त्याचा की यंत्राचा, हे कोणी मोजलेले नसते. जेथे मोजमाप नाही, तेथे शिव्या खालच्या माणसाच्याच वाट्याला येतात.

आता हिशेब पाहू. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मनमाड ते मुंबई सुमारे २६० किलोमीटर. सेकंदाचे हजार भाग केले, तर निरोप जाऊन परत यायला त्यांतले तीनही लागत नाहीत. मग खोळंबा होतो कोठे? गाडी जशी आउटर सिग्नलपाशी अडते, तसा निरोप बहुधा संगणकाच्या दारी रांगेत उभा असतो. डेन्मार्कच्या एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या निमित्ताने या रांगांच्या गणिताचा पाया घातला. ते गणित सांगते की, क्षमता काठोकाठ भरत आली म्हणजे थोड्या जादा गर्दीनेही खोळंबा कितीतरी पटींनी वाढतो.

मोजतानाही सावध असावे. नऊ जणांचे काम एकेका सेकंदात झाले आणि दहावा ४१ सेकंद तिष्ठला, तर सरासरी येते ५ सेकंद. पण पाच सेकंद थांबलेला त्यांत एकही माणूस नाही! सरासरी पगाराच्या आकड्याने आपण फसत नाही. मग येथे का फसावे?

सुधारणा झाली नाही असे नव्हे. २०१४ साली रेल्वेच्या ऑनलाइन विक्रीची क्षमता मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० वर गेली. २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधार-पडताळणी आली. म्हणजे यंत्र नुसते मोठे करून भागत नाही, खोटी गर्दीही हटवावी लागते.

माझी मागणी साधी आहे. सर्वांत जास्त खोळंबलेल्या माणसाला काल किती वेळ लागला, आणि त्यातला तारेत किती, यंत्रात किती, खिडकीवर किती, हे फलकावर लिहा. मग घड्याळ कामगाराच्या मानेवर बसणार नाही. त्याच्या बाजूने साक्ष देईल.