एक चेंबर, अनेक मापं
धार जिल्ह्यातल्या डही भागात नर्मदा खाली आणि शेतं वर चढणीला. म्हणून इथल्या सूक्ष्म उपसा सिंचन योजनेत पंपांनी चढवलेलं पाणी बंद पाइपमधून शेतांपर्यंत न्यायचं असतं. अशा योजनेत पाइपवरचे व्हॉल्व्ह ठेवायला काँक्रीटच्या छोट्या खोल्या, म्हणजे व्हॉल्व्ह चेंबर, जागोजागी लागतात; रचना तीच, मापं निराळी.

पूर्वी प्रत्येक चेंबरचा नकाशा वेगळा काढावा लागे. आता संगणकावर एकच त्रिमितीय प्रतिरूप करून त्याची मापं एकमेकांना बांधतात. पाइप ६०० मिलिमीटरऐवजी ८०० चा केला की भिंती आपोआप सरकतात, स्लॅब मोठा होतो, काँक्रीटचा हिशेब बदलतो. पण पाइप जोडणाऱ्या फ्लँजचे बोल्ट सोडवताना पान्हा फिरेल एवढी जागा भिंतीपाशी सोडायची, हा नियम आधी जाणत्या अभियंत्यानेच त्यात भरावा लागतो. खरं कौशल्य तिथेच आहे, असं मला वाटतं. मातीचा दाब आणि पाण्याचा आघात यांची गणितं तर स्वतंत्र तपासावीच लागतात.

नागपूर मेट्रोने अशी प्रतिरूपं वेळ आणि खर्चाशी जोडून वापरली. पाणीयोजनांनाही ती हवीत. पाइपच्या वाटेत सळई येतेय हे पडद्यावरच दिसलं, तर ओतलेलं काँक्रीट फोडावं लागत नाही.