तापली की आवळणारी नळी



मी नळीवर बोलणार आहे असं गावात कळलं, तेव्हा पारावर हसाहशी झाली. एक जण म्हणाला, "भाई, आता प्लॅस्टिकच्या नळीवर पण कविता का?" त्याचं हसणं मला समजतं. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला मी खिडकीबाहेर बघायचो. पण बोटाएवढ्या जाडीच्या एका काळ्या नळीनं आमच्या घराला असा धडा दिला, की त्यानंतर मी तिच्याविषयी मिळेल ते वाचलं, जाणत्यांना विचारलं. तेच आज आपल्याला सांगणार आहे.

आमचं गाव वडगाव निंबाळकर, तालुका बारामती. गावाच्या भागाला नीरा डाव्या कालव्याचं पाणी आहे. ऊस होतो, तो सोमेश्वरच्या कारखान्याला जातो. पण कालव्याचं पाणी उताराला वाहतं. आमचं रान कालव्याच्या वरच्या अंगाला. तिथं माणसाची मदार बोअरवर.

२०१२-१३ चा दुष्काळ आपल्याला आठवत असेल. २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या बोअरची मोटार जळाली. थोरल्या भावानं, म्हणजे आमच्या भाईजाननी, तिकाटणं लावून चेनपुलीनं पाइप वर काढले. मोटारीला कंपनीकडून हातभर वायर जोडून येते. तिला पुढची लांब केबल आपण जोडायची असते. हा जोड कायम पाण्यात बुडालेला राहतो. आमचा जोड नुसत्या चिकटपट्टीनं गुंडाळलेला होता. पट्टी सुटली होती, आत पाणी शिरलं होतं. मोटार रिवाइंडिंगला गेली आणि गोठ्यातली एक म्हैस बाजाराला गेली.

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. दुकानातून तापवून बसवायची काळी नळी आणली. आमच्याकडे तिला स्लीव्ह म्हणतात. मेणबत्तीवर धरून बसवली. दिसायला झकास बसली. वीसेक दिवस मोटार चालली, मग स्टार्टर पडायला लागला. एका सकाळी भाभी म्हशींसाठी पाणी धरायला गेल्या. पाय ओले, जमीन ओली. बोअरच्या लोखंडी पाइपाला हात लागला आणि त्या चार हात मागे फेकल्या गेल्या. वाचल्या, हे नशीब. पण उजव्या हाताची बोटं पुढं बरेच दिवस बधिर होती. त्या दिवसापासून भाईजाननी लेकरांना बोअरकडं फिरकू दिलं नाही.

मोटार पुन्हा वर आली. ह्या वेळी एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी जोड कापला, नळीचा तुकडा डोळ्यापुढं धरला आणि म्हणाले, "भाई, ही नळी रेडिओच्या पोटातली. कोरड्यात चालती. पाण्यात घालायची नळी आतनं डिंक लावलेली असती. तुम्ही दुकानात सांगितलंच नसंल, कुठं घालायची ते."

खरंच सांगितलं नव्हतं. दोन्ही नळ्या काळ्या, दोन्ही तापल्यावर आवळणाऱ्या, नावही एकच. फरक आतल्या डिंकाचा. तेवढ्या फरकावर आमच्या घरातलं एक माणूस जाता जाता राहिलं.

तेव्हापासून मला प्रश्न पडला, की ही नळी तापल्यावर आवळते कशी? आपण लहानपणी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना पाहिलं आहे. शेणकुटांच्या जाळात धाव लालभडक करायची, ती प्रसरण पावली की चाकावर ठोकायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव गार झाली की आवळते. जगाचा सर्वसाधारण नियमच हा, की वस्तू तापली की फुगते आणि गार झाली की आकसते. मग ही नळी उलटं का वागते?

उत्तर तिच्या जन्मकथेत आहे. ही नळी बहुधा पॉलिथिलीनची किंवा त्याच्या भावकीतल्या प्लॅस्टिकची असते. पॉलिथिलीन हाती लागलं ते अपघातानं. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ साली एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे प्रचंड दाबाखाली इथिलीन वायूवर प्रयोग करत होते. भांड्याच्या तळाशी त्यांना मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलवर आवरण म्हणून त्याचा मोठा उपयोग झाला, कारण त्यातून वीज पार होत नाही आणि पाणी शिरत नाही.

पॉलिथिलीन म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. ताटात शेवया पडाव्यात तशा त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण बांधलेल्या नसतात. म्हणून ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की त्या सुटतात आणि प्लॅस्टिक वितळतं. १९५० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्येच हारवेलच्या अणुकेंद्रात आर्थर चार्ल्सबी यांनी ह्या प्लॅस्टिकवर किरणोत्सर्गाचा मारा करून पाहिला. तेव्हा असं दिसलं की शेजारशेजारच्या साखळ्या जागोजागी एकमेकींना जोडल्या जातात. मोकळ्या शेवयांची जणू विणलेली बाज होते. असं जाळं झालेलं प्लॅस्टिक तापवलं तरी वितळून वाहत नाही, रबरासारखं मऊ होतं.

नळीची सगळी करामत इथं आहे. आधी नळी बारीक, म्हणजे शेवटी हवी त्या मापाची करतात. तिच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करून साखळ्यांची जाळी बांधतात. मग ती तापवून हवेच्या दाबानं दुप्पट-तिप्पट फुगवतात आणि फुगलेली असतानाच गार करतात. गार होताना प्लॅस्टिकमध्ये बारीक बारीक स्फटिक तयार होतात, ते नळीला ताणलेल्या अवस्थेत धरून ठेवतात. अशी ताणलेली नळी आपण दुकानातून आणतो. तिला आपण आच दिली की ते स्फटिक वितळतात, धरणारं कुणी राहत नाही, आणि जाळी आपल्या मूळ मापाला परत येते. शास्त्रज्ञ ह्याला प्लॅस्टिकची स्मृती म्हणतात. हा शब्द वाचला तेव्हा मी थबकलो. स्मृतीवर आम्ही कवी मंडळींनी किती शाई खर्च केली आणि ती इथं हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर विकली जात होती.

ह्या शोधाचा व्यापार अमेरिकेत उभा राहिला. पॉल कुक यांनी १९५७ साली कॅलिफोर्नियात जी कंपनी काढली, ती पुढं रेकेम नावानं जगभर गेली. विमानातल्या वायरींपासून विजेच्या भूमिगत केबलपर्यंत ही नळी पोचली. आपल्याकडं नवी मुंबईत वाशीला भाभा अणुसंशोधन केंद्राचं आयएलयू-६ नावाचं इलेक्ट्रॉन प्रवेगक यंत्र बसवलं गेलं, वीस लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचं. केबलच्या आवरणातल्या साखळ्या जोडण्याचं काम त्यावर झालं. किरणांचं नाव ऐकून कुणी घाबरू नये. एवढ्या शक्तीच्या इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं प्लॅस्टिक स्वतः किरणोत्सर्गी होत नाही.

आता त्या डिंकाची गोष्ट. नळी कितीही घट्ट बसली तरी नळी आणि केबल यांच्यामध्ये केसाएवढी फट राहतेच. कोरड्या जागी तिचं काही बिघडत नाही. पण अडीचशे फूट पाण्याखाली दाब एवढा असतो, की पाणी त्या फटीतून आत जातंच. म्हणून पाण्यातल्या नळीला आतून गरम झाल्यावर वितळणाऱ्या डिंकाचा थर दिलेला असतो. बाहेरची नळी आवळते, आतला डिंक पातळ होऊन फटीत भरतो आणि गार झाला की पाण्याची वाट बंद होते.

हे वाचताना मला माझे आजोबा आठवले. ते कल्हईवाले. आठवडी बाजाराला भाता घेऊन बसायचे. पितळेच्या भांड्यात आंबट आमटी कळकते, म्हणून आतून कथलाचा लेप द्यायचा. त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी भांडं घासून लख्ख करायचं, मग तापवायचं, मग नवसागर टाकायचा, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसून घ्यायचं. घाईचं गिऱ्हाईक म्हणायचं, "चाचा, एवढं काय घासताय, लावा की पटकन." आजोबा म्हणायचे, "मळावर कल्हई बसत नाही, बाबा."

जमिनीखालून तेलाचे, गॅसचे, पाण्याचे पोलादी पाइप जातात. मुंबईहून पुण्यामार्गे सोलापूरपर्यंत तेलाची नळवाहिनी आहेच. अशा पाइपांना गंज लागू नये म्हणून पूर्वी डांबरासारख्या कोलटारचा लेप देत. आता तीन थरांचा लेप देण्याची पद्धत रुळली आहे. पोलादाचा पाइप खड्यांच्या माऱ्यानं घासून पांढरा करतात, २०० अंशांच्या वर तापवतात, त्यावर इपॉक्सीची पूड फवारतात. ती तापल्या पोलादावर वितळून घट्ट चिकटते. तिच्यावर चिकटवणारा दुसरा थर, आणि सगळ्यांत वर पॉलिथिलीनचं जाड आवरण. घासायचं, तापवायचं, लेपायचं. आजोबांचाच क्रम आहे, फक्त भाता मोठा झाला.

कारखान्यातून साधारण बारा मीटरचा एक असे पाइप येतात. टोकं मात्र उघडी ठेवतात, कारण ती रानात एकमेकांना वेल्डिंग करायची असतात. म्हणजे एका किलोमीटरला ऐंशीच्या वर जोड आणि प्रत्येक जोडाला उघडं पोलाद. ते झाकायला आपल्या नळीचीच थोरली बहीण येते. रुंद पट्ट्यासारखी स्लीव्ह जोडाभोवती गुंडाळतात आणि गॅसच्या ज्योतीनं मधून कडेला तापवत नेतात, म्हणजे आत हवा अडकत नाही. शेवटी लेपावरून सुमारे पंचवीस हजार व्होल्टचा दाब असलेला तारेचा ब्रश फिरवतात. कुठं सुईएवढं भोक राहिलं असेल तर तिथं ठिणगी पडते.

सुईएवढ्या भोकाची एवढी काळजी कशाला? उघडा पाइप सगळीकडून थोडाथोडा गंजतो. लेप दिलेल्या पाइपाला एकच भोक राहिलं तर गंजाचा सगळा जोर त्या एका बिंदूवर येतो आणि पाइप तिथं आरपार जातो. म्हणून लेपाच्या जोडीला पाइपाजवळ मॅग्नेशियमसारख्या धातूचे ठोकळे पुरतात किंवा बाहेरून बारीक वीज देतात. ठोकळे स्वतः झिजतात, पाइप राखतात.

शेतकरी श्रोत्यांसाठी मिस्त्रींकडून शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. नळी घेताना "बोअरच्या मोटारीच्या जोडाला, पाण्यातली, आतून डिंकाची" असं स्पष्ट सांगा. जोड मारायच्या आधी नळी केबलमध्ये ओवून ठेवा, नाहीतर जोड झाल्यावर नळी हातात राहते. हे माझ्या डोळ्यांदेखत दोनदा झालं आहे. तिन्ही तारांचे जोड एका जागी न घेता पुढंमागं घ्या. केबलचं आवरण पॉलिश पेपरनं खरवडून, तेलकट हात न लावता पुसून घ्या. आच मधून सुरू करून दोन्ही कडांना न्या, ज्योत हलती ठेवा आणि कडांतून डिंक बाहेर डोकावला की थांबा. नळी थोडी लांबच कापा, कारण ती लांबीतही जराशी आकसते. आणि नळी कितीही चांगली असली तरी अर्थिंग आणि गळता करंट तोडणारा ब्रेकर यांना ती पर्याय नाही. हे सगळं मेन स्विच बंद करून, जाणत्या माणसाच्या हातून करा.

ह्या प्लॅस्टिकची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. साध्या पॉलिथिलीनची पिशवी वितळवून पुन्हा काही करता येतं. साखळ्या बांधलेलं हे प्लॅस्टिक पुन्हा वितळत नाही, त्यामुळं त्याचा तसा पुनर्वापर होत नाही. आणि तांब्यासाठी जुन्या केबली बांधावर जाळायची आपली सवय तर फारच वाईट. पीव्हीसीच्या आवरणाच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू असतो. तो जाळणाऱ्याच्या छातीत जातो, शेजारच्या लेकरांच्याही.

गेल्या वर्षी आमची मोटार पुन्हा वर काढली. जळाली म्हणून नव्हे, पाणी खोल गेलं म्हणून मोठी मोटार टाकायची होती. मिस्त्री आता थकले आहेत, त्यांचा मुलगा आला होता. त्यानं २०१३ चा जोड कापून दाखवला. नळीवर शेवाळ होतं, पण डिंक कोरडा आणि आतलं तांबं नव्या पैशासारखं लाल. भाभी बाजूला उभ्या होत्या. त्यांनी तो तुकडा मागून घेतला, उजव्या हाताच्या बोटांत फिरवून पाहिला आणि पदराच्या टोकाला बांधला. कशाला, ते मी विचारलं नाही.