मोडलेलं हाड आणि पहिला तास

मी तुमच्यातलीच, मोशीची. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.चा अभ्यास करते. मोडलेल्या हाडात जंतू शिरू नयेत, शिरलेच तर शरीराला त्यांच्याशी लढायला मदत कशी करावी, हा माझा विषय. हा विषय मी पुस्तकातून निवडला नाही, तो घरातूनच आला.

मी दहावीत होते. वडील चाकणच्या बाजारात कांदा घालून मोटरसायकलवर परतत होते. रस्त्यात गाडी घसरली आणि नडगीचं हाड मोडून कातडी फाडून बाहेर आलं. लोकांनी त्यांना आधी घरी आणलं. आजीने रक्त थांबावं म्हणून जखमेत मूठभर हळद भरली. गाडी मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. तीन महिन्यांनी त्याच जागेतून पू यायला लागला. रॉड काढला, हाड खरवडलं, पुन्हा ऑपरेशन. दोन वर्षं शेत आईने एकटीने ओढलं. तिच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

आजी शेवटपर्यंत म्हणायची, "माझ्या हळदीनं झालं." मला तिला दोष द्यायचा नाही. तिने मायेनेच केलं, आणि एकट्या हळदीने झालं असंही नाही. माती होती, उशीर होता. पण आतमध्ये नेमकं काय झालं, ते आज सांगते.

पाण्याची टाकी बरेच दिवस धुतली नाही तर आतून बुळबुळीत थर धरतो. वरून कितीही पाणी ओता, तो निघत नाही, घासावाच लागतो. हाडात बसवलेल्या रॉडवर, प्लेटवर जंतू असाच थर धरतात. मग गोळ्या-इंजेक्शनचं औषध त्याच्या आत नीट पोचत नाही. हे जंतू कुठून येतात? मातीतून येतात, आणि आपल्याच कातडीवरून, नाकातूनही येतात.

1987 साली अँथनी ग्रिस्टिना नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी याला शर्यत म्हटलं. धातूवर आधी कोण पोचतं, आपल्या पेशी की जंतू? आपल्या पेशी आधी पोचल्या तर हाड धरतं. जंतू आधी पोचले तर घर त्यांचं होतं.

आमचं संशोधन म्हणजे या शर्यतीत आपल्या पेशींना पुढे काढणं. एक जुना उपाय आहे. जर्मनीत 1970 साली हाडाच्या सिमेंटमध्येच जंतुनाशक औषध मिसळलं, म्हणजे औषध थेट जागेवर झिरपत राहतं. तो उपाय आजही वापरात आहे. नवा विचार असा की नुसतं औषध नको, शरीराची स्वतःची ताकदही वापरू. रक्तात जंतू गिळणाऱ्या पेशी असतात. त्या आधी लढतात आणि मग डागडुजीला लागतात. घरात भांडण मिटल्याशिवाय कामं सुरू होत नाहीत, तसंच. जंतू राहिले की भांडण मिटत नाही आणि हाड जुळत नाही. उलट हाड खाणाऱ्या पेशी जोर धरतात. आपल्या पुण्यातच, नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधल्या संशोधकांनी 2003 साली दाखवलं, की शरीरातलाच इंटरल्यूकिन-3 नावाचा पदार्थ या हाड खाणाऱ्या पेशी तयार होण्याला अटकाव करतो. असे पदार्थ हाडात भरायच्या साहित्यातून नेमक्या जागी पोचवता येतील का, यावर जगभर काम चाललंय. पण त्यातलं बरंचसं अजून प्रयोगशाळेतच आहे.

मग आज आपल्या हातात काय? पहिला तास आपल्या हातात आहे. जंतुनाशक इंजेक्शन जितकं लवकर, शक्यतो तासाभरात, तितका जंतूंचा धोका कमी. म्हणून माणसाला घरी आणू नका. 108 ला फोन करा, सरळ दवाखान्यात न्या.

गाडी येईपर्यंत एवढंच करा. रक्त वाहत असेल तर धुतलेल्या स्वच्छ कापडाने दाबून धरा. वर माती दिसत असेल तर पिण्याचं पाणी हलकेच ओता. चोळू नका, बोट घालू नका. हाड आत ढकलू नका. हळद, चहापूड, तंबाखू, शेण, तेल, काही म्हणजे काही भरू नका. जखम झाका, फळी किंवा जाड पुठ्ठा लावून पाय हलू देऊ नका. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून खायला-प्यायला देऊ नका. दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनचं आठवणीने विचारा.

ऑपरेशननंतरही लक्ष हवं. जखम ओली राहते, लाल होते, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, ताप येतो, तर मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका. त्याने तपासणीत जंतू सापडत नाही आणि आतला थर वाढत राहतो. ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे परत जा. दिलेला गोळ्यांचा कोर्स पुरा करा.

आणखी एक. साखरेचा आजार असेल तर साखर ताब्यात ठेवा. बिडी, तंबाखू बंद. आणि मैत्रिणींनो, मिसरी म्हणजेही तंबाखूच. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, मोडलेल्या हाडाला रक्त कमी पोचतं. डाळ, अंडी, दूध, भाजी यावर हाड जुळतं. घरातल्या बाईचा पाय मोडला तरी तिच्या ताटात ते सगळं आधी वाढा. आपण शेवटी उरलंसुरलं खातो, म्हणून मुद्दाम सांगते.

वडील आता काठी घेऊन चालतात, बांधावर जातात. आजी नाही. पण बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एक वाक्य तिच्या नावाने सांगा: हाड उघडं पडलं तर हळद नाही, 108.