भरल्या पोटी उपासमार

शहामृग लोखंडही पचवितो, अशी समजूत युरोपात शतकानुशतके रूढ होती. तेथील सरदार घराण्यांच्या कुलचिन्हांवर चोचीत घोड्याचा नाल धरलेला शहामृग आढळतो, तो याच समजुतीपोटी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९३० च्या सुमारास मेलेल्या एका शहामृगाच्या जठरातून हातरुमाल, हातमोजा, दोरीचा तुकडा, तांब्याची नाणी आणि चार इंचांचा एक खिळा निघाला; मृत्यूस कारण तो खिळाच झाला. हा पक्षी लोखंड गिळतो खरा. पचविण्याची गोष्ट मात्र निराळी.

तथापि पाळलेल्या शहामृगांना खिळ्याहून साध्या वाळूचे आणि गवताचेच भय अधिक. दक्षिण आफ्रिकेतील औट्सहोर्न परिसरात हा धंदा १८६० नंतर वाढीस लागला, १९१४ मध्ये पिसांचा बाजार कोसळल्यावर बसला, आणि पुढे कातडे व मांस यांच्या बळावर सावरला. पिलांचे पोट तुंबणे हे दुखणे मात्र शहामृगपालकांचा पिच्छा सोडीत नाही. सहा महिन्यांच्या आतील पिले त्यास विशेष बळी पडतात.

त्याचे मूळ पक्ष्याच्या शरीररचनेत आहे. कोंबडीच्या गळ्याशी दाणे साठविण्याची पिशवी असते; शहामृगाला ती नाही. गिळलेले सारे थेट पहिल्या जठरात उतरते. हे जठर पातळ भित्तीचे व ऐसपैस असते. त्यापुढे जाड स्नायूंची पेषणी. तीत गिळलेल्या खड्यांच्या साहाय्याने, जात्यात भरडावे तसे, अन्न भरडले जाते. दात नसलेल्या पक्ष्याला खडे हवेतच; मोठ्या शहामृगाच्या पोटात ते किलोभरही असू शकतात. भरडलेल्या चाऱ्यातील तंतू पुढे मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जंतू कुजवून पचनी पाडतात. पहिल्या काही आठवड्यांत पिलांच्या ठायी ही शक्ती फारच थोडी असते. अशा पिलाने लांब, चिवट गवत गिळले, की त्याचा पीळ पडून वाट बंद होते.

पिले वाळूकडे वळतात ती बहुधा हादरल्यामुळे. रानातील पिलू आईबापांमागून चालते आणि ते टिपतील ते टिपते. यंत्रात उबविलेल्या पिलाला असा शिक्षक नसतो. त्याला सिमेंटच्या जमिनीवरून एकाएकी वाळूच्या आवारात सोडले, खाद्य बदलले, किंवा सोबती दुरावले, तर ते दिसेल ते टोचू लागते. ज्याला पिलाचा हावरटपणा म्हणून दोष दिला जातो, तो पुष्कळदा माणसाने केलेल्या घाईचा परिणाम असतो. एमूंतही हे दुखणे आढळते, आणि प्राणिसंग्रहालयांतील क्रौंच पक्षी चकाकणारे धातूचे तुकडे गिळून आजारी पडतात.

लक्षणे प्रारंभी फसवी असतात. पिलू चोच मारते, पण गिळत नाही. कळपापासून अलग उभे राहते. विष्ठा थोडी, कोरडी आणि लेंड्यांसारखी पडते. पोट भरलेले दिसते म्हणून पालक निश्चिंत राहतो, आणि आत पिलू उपाशी मरत असते. पोटाच्या डाव्या बाजूस हाताने चाचपल्यास घट्ट गोळा लागतो. वेळीच कळल्यास पशुवैद्य नळीवाटे पातळ पॅराफीन किंवा इसबगोल देतात. (गुजरातेतील उंझ्याची बाजारपेठ इसबगोलासाठीही प्रसिद्ध आहे.) वाट पूर्ण बंद झाली असेल तर जठर उघडून गोळा काढणे एवढाच मार्ग उरतो. ही शस्त्रक्रिया साधते. पण खंगलेल्या पिलाला भुलीचाच भार सोसवत नाही.

म्हणून जाणते पालक लसूणघास बारीक कातरून देतात, पिलाच्या मोठ्या बोटाच्या नखाहून लहान असे कठीण खडे बेताने पुरवितात, आणि नव्या आवारात पिलांना प्रथम थोडा वेळच, तेही पोटभर खाऊ घालून, सोडतात. कुंपणाची दुरुस्ती झाल्यावर तारेचे तुकडे वेचून काढल्यावाचून ते फाटक उघडीत नाहीत.