अनागताचा अभ्यास आणि तंजावरची छत्रे



पंचतंत्रातील तीन माशांची कथा या शाळेच्या प्रत्येक पिढीने ऐकली आहे. कोळी उद्या येणार हे कळताच तळे सोडणारा अनागतविधाता, संकट आल्यावर युक्ती लढवणारा प्रत्युत्पन्नमती आणि व्हायचे ते होईल म्हणून स्वस्थ बसणारा यद्भविष्य. आपल्या परीक्षा बहुतांशी दुसऱ्या माशाच्या असतात. पहिला मासा घडवण्याची सोय क्वचितच आढळते.

जगात आता ती सोय होऊ लागली आहे. भविष्यवेध ही एक अभ्यासशाखा झाली असून ज्योतिषाशी तिचे नाते नाही. पाणी, शेती, रोजगार, भाषा यांच्याबाबतीत पुढे काय काय घडू शकेल याची अनेक चित्रे ती मांडते आणि आजचा निर्णय त्यांपैकी किती चित्रांत टिकेल हे तपासते. लंडनच्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल फ्युचर्स या संस्थेने २०१८ पासून निरनिराळ्या देशांतील तरुण अभ्यासकांसाठी या विषयाची अभ्यासवृत्ती, रूढ शब्दांत फेलोशिप, सुरू केली. तरुणाला मार्गदर्शक, सहाध्यायी आणि विचाराला उसंत मिळवून देणे हे अशा वृत्तीचे काम.

हेच काम मराठी भाषेच्या छायेत दोनशे वर्षांपूर्वी तंजावरला झाले होते. दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख उरला. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने हातची सत्ता गेल्यावर विद्येचा संसार मांडला. १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभा राहिला. त्यात इसापाच्या कथा ‘बाळबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या. नवविद्येच्या शाळा निघाल्या. धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांच्या उपचारांची टिपणे ठेवली गेली.

परंतु या सगळ्याचा पाया छत्रांत होता. रामेश्वरच्या वाटेवरील ही यात्रेकरूंची अन्नछत्रे. कंपनीने त्यांच्या उत्पन्नाला हात लावू नये म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना सविस्तर पत्र लिहिले. वेदांचे अध्यापक, पंतोजी आणि वैद्य छत्रात नेमलेले असत, अनाथ मुले पंतोजींच्या स्वाधीन केली जात, त्यांना तिन्ही वेळा जेवण मिळे, ठरावीक दिवसांनी अंगाला तेल लावले जाई, आणि विद्येत पारंगत होईपर्यंत हा सांभाळ चाले, असे त्यात नमूद आहे. पुढे लग्नाच्या खर्चालाही हातभार! आजच्या कोणत्याही फेलोशिपच्या नियमावलीत अंगाला तेल लावण्याचे कलम सापडणार नाही. मात्र पोटाची चिंता मिटल्याखेरीज दूरचे दिसत नाही, हे त्या छत्रांना नेमके ठाऊक होते.

सरफोजींच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. कुरवंजी म्हणजे तमिळ रंगभूमीवरची भविष्य सांगणारी स्त्री. नायिकेचा हात पाहून प्रियकर कधी येणार हे सांगणे हा तिचा ठरलेला व्यवसाय. या नाटकात ती गाण्यांतून जगाचा भूगोल सांगते. भविष्य जाणून घ्यायचे तर आधी जग माहीत हवे, असा बदल त्या जुन्या भूमिकेत सहज घडून आला.

१८३२ मध्ये सरफोजी वारले. १८५५ मध्ये शिवाजीराजे औरस पुत्राविना निवर्तले आणि राज्य खालसा झाले. छापखान्याची परंपरा मराठी मुलखापर्यंत पोहोचली नाही. राजाश्रयावर उभे असलेले पुष्कळसे राजाबरोबर गेले. सरस्वती महाल ग्रंथालय टिकले आणि १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

हीरक महोत्सवाचा निधी प्रवेशद्वारावर वा सभागृहावर खर्च करण्याची रीत आहे, आणि तीही गैर नाही. त्यातील व्याजावर दरवर्षी एका माजी विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला वर्षभराची वृत्ती, एक जाणता मार्गदर्शक आणि एकच प्रश्न देता येईल. निधी एका दात्याच्या मर्जीवर न ठेवता विश्वस्तांकडे असावा, हे तंजावर पाहिल्यावर सांगावेच लागते. पहिला प्रश्न दूर शोधायला नको: आणखी साठ वर्षांनी या शाळेच्या पहिलीच्या वर्गात कोणाची मुले बसलेली असतील, आणि ती घरी कोणती भाषा बोलत असतील?