पारख करणाऱ्या असीमाबाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पुरी झाली. दर वर्धापनदिनी एका थोर स्त्रीची ओळख करून द्यायची अशी आपली पद्धत आहे. यंदा ते काम माझ्या वाट्याला आले. मी काही बोलणारी नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर या खोलीत मी रांगोळी काढली, प्रसाद वाटला, हळदीकुंकवाला सतरंज्या घातल्या. पण उभे राहून बोलायची वेळ आली नव्हती. माझ्या मुलीने माहिती वाचून दाखवली, मी ऐकली, कळले नाही तिथे पुन्हा पुन्हा विचारले, आणि मग माझ्या शब्दांत लिहून काढले. तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्या बंगालच्या. त्यांचे नाव डॉ. असीमा चटर्जी. कलकत्ता विद्यापीठात त्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. तुम्ही म्हणाल, आपल्या जिजाबाई, सावित्रीबाई सोडून ही रसायनवाली बाई कुठून शोधून काढलीस? त्याला कारण आहे. ते ओघाने येईलच.

असीमाबाईंचा जन्म २३ सप्टेंबर १९१७ रोजी कलकत्त्यात झाला. वडील डॉक्टर होते आणि त्यांना झाडाझुडपांचे फार वेड होते. कोणत्या झाडाचा काय गुण, हे मुलीच्या कानावर लहानपणापासून पडत गेले. घरात मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९३६ साली त्या स्कॉटिश चर्च कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाल्या, १९३८ साली कलकत्ता विद्यापीठाच्या एम. एस्सी. झाल्या आणि १९४४ साली त्यांना डी. एस्सी. म्हणजे विज्ञानातील डॉक्टरेट मिळाली. आपल्या देशातील विद्यापीठाकडून ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्या आधी, १९४० मध्येच, कलकत्त्याच्या लेडी ब्रेबोर्न कॉलेजात मुलींसाठी रसायनशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याच्या पहिल्या प्रमुख त्याच होत्या. वय अवघे बावीस-तेवीस.

त्यांनी अभ्यासाला घेतली ती आपल्याच देशातील औषधी झाडे. आता हे काम कसे चालते ते मी मुलीकडून समजून घेतले, ते सांगते. आपण काढा करतो तेव्हा मूळ किंवा साल ठेचून पाण्यात उकळतो. त्या पाण्यात झाडातले सगळेच उतरते. गुणाचे, बिनगुणाचे आणि एखादे वेळी अपायाचेही. शिवाय एका जागचे मूळ कसदार, दुसऱ्या जागचे निःसत्त्व; माझी चिमूट मोठी, तुमची लहान. मग एकीला गुण येतो, दुसरीला येत नाही. असीमाबाईंसारखे शास्त्रज्ञ काय करतात? साल वाळवून भुकटी करायची, ती निरनिराळ्या द्रवांत भिजवून अर्क काढायचा, अर्कातली द्रव्ये एकेक करून वेगळी करायची. ताक घुसळून लोणी काढावे तसे. पण हे लोणी पोतेभर सालीतून चिमटीएवढेच हाती लागायचे. मग त्या शुद्ध द्रव्याची आतली घडण कशी आहे ते शोधून काढायचे. त्यानंतर त्याचा गुण खरोखर येतो का, अपाय तर होत नाही ना, हे तपासायचे. एकेका झाडापाशी वर्षे जातात.

१९४५ साली त्यांचे लग्न झाले. यजमान डॉ. बरदानंद चटर्जी हेही रसायनशास्त्राचेच प्राध्यापक. १९४७ साली असीमाबाई पुढील संशोधनासाठी अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांची मुलगी अकरा महिन्यांची होती. मुलीला मागे ठेवून त्या गेल्या नाहीत, की मुलीसाठी जायचे थांबल्याही नाहीत. मुलीला बरोबर घेतले आणि तिला सांभाळायला एक बाईही बरोबर नेली. तीन वर्षे त्या अमेरिकेत आणि मग स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे पॉल कॅरर यांच्याकडे काम करीत होत्या. कॅरर हे नोबेल पारितोषिक मिळवलेले शास्त्रज्ञ. १९५० साली त्या परतल्या. ती अकरा महिन्यांची मुलगी पुढे स्वतः रसायनशास्त्राची प्राध्यापिका झाली.

सगळे असीमाबाईंचे नाव घेतात. माझ्या मनात मात्र ती सोबत गेलेली बाई राहिली. तिने मूल सांभाळले म्हणून आईचे हात प्रयोगाला मोकळे झाले. हे लक्षात ठेवा; मी पुन्हा तिथे येणार आहे.

परत आल्यावर दिवस सोपे नव्हते. १९५४ साली त्या कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात रीडर झाल्या. प्रयोगशाळेत साधने अपुरी, अनुदान तुटपुंजे. काढलेल्या द्रव्याची बारीक तपासणी करून घ्यायला नमुने परदेशी पाठवावे लागत. आपल्याकडे गॅस संपला तर आपण चूल पेटवतो, पण स्वयंपाक करतोच, तशाच त्या. थोर शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांचे त्यांना उत्तेजन होते. १९६१ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. तो मिळवणारी ही पहिली स्त्री. १९६२ साली विद्यापीठाचे खैरा प्राध्यापक हे मानाचे पद त्यांच्याकडे आले आणि १९८२ पर्यंत, वीस वर्षे, त्यांनी ते भूषवले.

मधे १९६७ साल आले. चार महिन्यांच्या आत वडील गेले आणि यजमानही गेले. स्वतः त्या आजारी पडल्या. अशा वेळी त्यांचे बंधू पाठीशी उभे राहिले. ते डॉक्टर होते आणि औषधी झाडांच्या कामात बहिणीचे सहकारीही होते. काही काळाने असीमाबाई पुन्हा प्रयोगशाळेत जाऊ लागल्या. १९७५ साली इंडियन सायन्स काँग्रेसच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. १९८२ ते १९९० त्या राष्ट्रपतींनी नेमलेल्या राज्यसभेच्या सभासद होत्या. हाताखाली पन्नासाहून अधिक विद्यार्थ्यांनी डॉक्टरेट मिळवली. २२ नोव्हेंबर २००६ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांनी तपासलेली झाडे ऐकून मला तर माहेरच्या माणसांची नावे ऐकल्यासारखे वाटले. रक्तदाबावर चालणारी सर्पगंधा. सातवीण, किराईत, कुटकी आणि सागरगोटा; यांपासून हिवतापावर औषध तयार करण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. ज्या सागरगोट्यांनी आपण लहानपणी ओट्यावर खेळलो, ते सागरगोटे, बरे का! आपल्या दारातल्या सदाफुलीवरही त्यांनी संशोधन केले. सदाफुलीपासून कर्करोगावरचे औषध निघाले, ते मात्र कॅनडा-अमेरिकेतील संशोधकांनी काढले. काही लोक ते श्रेयही असीमाबाईंना देतात. पण जी बाई जन्मभर पुराव्यावाचून बोलली नाही, तिच्या नावावर न केलेले काम कशाला चढवायचे? तिने केले तेच पुष्कळ आहे.

आणखी एक औषध आहे. ते फेफऱ्यावरचे. बंगालात पाणथळ जागी सुषनी नावाची चार पानांची भाजी उगवते. ती खाल्ल्याने झोप चांगली लागते, हे तिकडच्या बायकांना ठाऊक होते. असीमाबाईंनी ती भाजी आणि जटामांसी तपासली आणि त्यांपासून फेफऱ्यावर 'आयुष-५६' हे औषध तयार झाले.

आता मी हा विषय का घेतला ते सांगते. माझ्या धाकट्या भावाला लहानपणी फेफरे येत असे. त्याला विचारूनच मी हे बोलते आहे, तो म्हणाला, "ताई, सांग. लपवून आपण काय मिळवले?"

आई शेतावर मजुरीला जायची. भाऊ एकटा राहिला तर चुलीवर पडेल, विहिरीपाशी जाईल, म्हणून त्याच्यापाशी कोणीतरी हवे. ते कोणीतरी म्हणजे मी. सातवीची परीक्षा झाली आणि माझी शाळा सुटली. मी आईला दोष देत नाही. दुसरे कोण होते?

त्याला झटका आला की कोणी कांदा हुंगवी, कोणी चप्पल नाकाशी धरी. कोणी सांगितले, दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घाल. मी तेरा वर्षांची, मी घातला. त्याचा पुढचा दात मोडला. आजही तो हसला की मला ती फट दिसते. तो कधी बोलला नाही, पण तो दात माझ्या हाताने गेला आहे.

पुढे तालुक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले. मग एका नातलगाने कुठून तरी झाडपाल्याची पुडी आणली. "गोळ्यांनी डोके बधिर होते, हे आपले देशी आहे, याने अपाय नाही," असे सांगून गोळ्या बंद करवल्या. पंधरा दिवसांत झटके परत आले, आणि ते आधीपेक्षा वाईट. पुडीत काय होते, किती होते, कोणाला विचारायची सोय नव्हती. तेव्हापासून मला झाडपाल्याचे नावच नको झाले होते.

असीमाबाईंचे चरित्र ऐकले आणि माझा तो राग शांत झाला. झाड खोटे नव्हते. झाडाची पारख न करता दिलेला शब्द खोटा होता. त्यांनी ना आपल्या आज्यांचे ज्ञान हसण्यावारी नेले, ना डोळे मिटून मानले. "असे म्हणतात" इथून त्या निघाल्या आणि "असे दिसून आले" इथपर्यंत पोचायला त्यांनी आयुष्य घालवले. सोने आपण कसाला लावून घेतो. मग मुलाच्या पोटात जाणारे औषध का घेऊ नये?

म्हणून माझे हात जोडून सांगणे आहे. कोणाला फिट आली तर तोंडात काहीही घालू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, गळ्याशी कपडे सैल करा, माणसाला कुशीवर वळवा आणि त्याच्यापाशी बसा. पाच मिनिटांत थांबले नाही तर दवाखाना गाठा. आणि कोणतेही देशी औषध, अगदी मी आज नाव घेतलेलेसुद्धा, डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरू करू नका, चालू गोळ्या मनाने सोडू नका. माझा भाऊ आज गोळ्या नेमाने घेतो, शिवणाचे दुकान चालवतो. गेली नऊ वर्षे त्याला झटका आलेला नाही.

आता त्या सोबत गेलेल्या बाईकडे वळते. असीमाबाईंचे मूल सांभाळायला मोठी, जाणती बाई होती. आमच्या घरी सांभाळणारी मीच होते, आणि मी स्वतः मूल होते. इतका फरक. आपल्या वाडीत आजही दोन-तीन मुली अशा आहेत, की आई कामाला गेली म्हणजे धाकट्या भावंडासाठी त्यांची शाळा बुडते. नावे घेत नाही. आपल्याला सर्वांना ठाऊक आहेत. आपल्या मंडळाची ही खोली दुपारी रिकामीच असते. आपण तीस जणी आहोत. महिन्यातून दोनदा एकेकीची पाळी लावली, तर रोज दोघी जणी इथे बसून लहान मुले सांभाळू शकतील आणि त्या मुली शाळेत जातील. पहिल्या सोमवारची पाळी माझी. दुसरे नाव कोण देते, ते चहाच्या वेळी मला येऊन सांगावे.

त्यांतली एखादी प्रोफेसर होईलच असे मी म्हणत नाही. पण कोणी चमचा तोंडात घाल म्हटले, तर "का?" असे विचारण्याइतकी तरी ती शिकेल. मला ते विचारता आले नव्हते.